भाड्याचे विमान परत जाते तेव्हा

सोलापुरात विमान आणि कायदा हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुष्कळ वर्षे एकच विषय निघायचा, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. ती विमानांच्या वाटेत येते की नाही, पाडावी की ठेवावी, यावर गावाने कट्ट्यावर वाद घातले, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १५ जून २०२३ रोजी चिमणी पडली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ची गोवा सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला स्टार एअरची मुंबई सेवा. विमान येण्याच्या आड काय काय येते, हे सोलापूरकराला आता कोणी शिकवायला नको. या पुस्तकाचा विषय त्यापुढचा आहे. आलेले विमान ज्याच्या मालकीचे आहे त्याला ते परत हवे असेल, तर ते कोणत्या नियमांनी, किती दिवसांत आणि कोणाकोणाचे देणे भागवून देशाबाहेर जाते?

हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या बड्या वकिलांनीच सोडवावा, असे वाटण्याची शक्यता आहे. पण होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर उतरणारे विमान बहुधा ते उडवणाऱ्या कंपनीचे नसते. फ्लाय ९१ने आपली पहिली एटीआर ७२-६०० विमाने दुबई एरोस्पेस एंटरप्राइझ या कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतली. देशातल्या बहुतेक प्रवासी विमानांची कथा अशीच आहे. शेपटीवर एका कंपनीचे बोधचिन्ह आणि मालकीच्या कागदावर डब्लिनच्या, सिंगापूरच्या किंवा दुबईच्या दुसऱ्याच कंपनीचे नाव. विमान भाड्याचे असेल तर परतीचा करारही त्याच्याबरोबरच आलेला असतो, आणि तो करार किती भरवशाचा आहे यावर त्याचे भाडे ठरते. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे.

सोलापूरच्या संदर्भात या विषयाला एक जुनी बाजूही आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. देशाने विमाने स्वतः बनवावीत, ती आपल्या मालकीची असावीत, या जिद्दीने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. पुढे युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली. प्रवासी विमानांच्या मालकीचे ते स्वप्न त्या अर्थाने पुरे झाले नाही. जगभरच विमान ही इतकी महाग वस्तू होत गेली की, उडवणारा आणि मालक हे दोघे वेगळे झाले. १९७३ साली अमेरिकेत इंटरनॅशनल लीज फायनान्स कॉर्पोरेशन आणि १९७५ साली आयर्लंडमधल्या शॅननला टोनी रायन यांची गिनीज पीट एव्हिएशन निघाली, आणि विमान भाड्याने देणे हा स्वतंत्र धंदा झाला. १९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द होऊन आपल्याकडे खासगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली, तेव्हा त्या सगळ्या या तयार बाजाराकडेच वळल्या. नुसते विमान घ्यायचे आणि वैमानिक, देखभाल, विमा आपला लावायचा, याला ड्राय लीज म्हणतात. वैमानिकांसह सगळेच घ्यायचे ती वेट लीज. आपल्या विषयात महत्त्वाची ती पहिली, कारण तिच्यात विमान भाडेकरूच्या देशात नोंदले जाते.

हा सगळा पेच त्या नोंदणीत आहे. १९४४च्या शिकागो करारातल्या १७व्या कलमानुसार विमानाला ते जिथे नोंदले गेले त्या देशाचे राष्ट्रीयत्व मिळते. १८वे कलम सांगते की एका वेळी एकाहून अधिक देशांत वैध नोंदणी होऊ शकत नाही. आपल्याकडे ट्रकच्या आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा चढतो आणि गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आरटीओचे ना-हरकत पत्र लागते, तशीच ही रचना दिसते. पण एक फरक फार मोठा आहे. हप्ते थकलेला ट्रक वसुलीवाले भर रस्त्यातून ओढून नेतात. विमान तसे नेता येत नाही. त्याच्या अंगावर भारताची व्हीटी ही अक्षरे आहेत तोवर दुसरा देश त्याची नोंद करत नाही, आणि नोंद नसलेल्या विमानाला कोणी आकाशात सोडत नाही. म्हणजे मालकाच्या हाती किल्ल्या आल्या, न्यायालयाचा हुकूमही आला, तरी नोंदणी रद्द झाल्याशिवाय त्याच्या हाती आलेले असते ते एक उभे यंत्र.

पुढच्या वेळी विमानात चढताना दाराच्या आसपास नीट पाहा. मुख्य दाराजवळ एक छोटी धातूची पट्टी बसवलेली असते. ती आगीतही टिकावी अशा धातूची असते आणि तिच्यावर विमानाची राष्ट्रीय व नोंदणी अक्षरे कोरलेली असतात. पुष्कळ विमानांत त्याशिवाय दुसरी एक पट्टी असते, हे विमान अमुक कंपनीच्या मालकीचे असून भाडेपट्ट्याने दिलेले आहे, असे सांगणारी. इंजिनांवरही तशा पट्ट्या लावतात. पहिली पट्टी राज्यसत्तेची, दुसरी मालकाची. आपण जो कायदा समजून घेणार आहोत, तो या दोन पट्ट्यांमधल्या संबंधाचा कायदा आहे.

भारतात या कायद्याची वाटचाल तीन टप्प्यांत पाहता येते. पहिला टप्पा विमान अधिनियम १९३४ आणि विमान नियम १९३७ यांचा. त्यातली नोंदवही सुरक्षिततेसाठी होती. कोणते विमान कोणाचे आणि उडण्यास योग्य आहे की नाही, हे सरकारला कळावे, एवढाच तिचा हेतू. नोंद काढायची की ठेवायची, हे सरकारच्या विवेकावर होते. विमाने सरकारी मालकीची होती तोवर यात काही अडले नाही.

दुसरा टप्पा केपटाऊन कराराचा. १६ नोव्हेंबर २००१ रोजी केपटाऊन येथे झालेला हा करार आणि त्याबरोबरचा विमानविषयक उपकरार यांनी असे तत्त्व मांडले की, विमानावरचा धनकोचा हक्क सीमा ओलांडली तरी तोच राहिला पाहिजे. त्यासाठी डब्लिनहून चालणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही उभी राहिली. कोणत्या विमानावर कोणाचा हक्क आणि कोणाचा आधी, हे तिथे घरबसल्या पाहता येते. त्याच उपकरारातून आले आयडेरा नावाचे अधिकारपत्र. भाडेकरू कंपनी विमान घेतानाच ते लिहून देते: मी हप्ते थकवले तर नोंदणी रद्द करून विमान बाहेर नेण्याची विनंती माझ्या वतीने मालकाने करावी, आणि हा अधिकार मला एकतर्फी मागे घेता येणार नाही. हे पत्र नागर विमानन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, नोंदवले जाते. आठ माणसे वाहून नेण्याइतपत किंवा त्याहून मोठी विमाने, आणि ठरावीक शक्तीपुढची इंजिने यांना हा करार लागू होतो. सोलापूरला येणारी एटीआर त्यात बसते. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उडवतात ती चार आसनी विमाने त्याबाहेर राहतात. इंजिन ही स्वतंत्र वस्तू धरली जाते, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पाइसजेटला भाड्याची तीन इंजिने वापरातून काढून परत करायला सांगितले, ते इंजिनांच्या फ्रेंच मालक कंपन्यांच्या दाव्यावर.

भारत ३१ मार्च २००८ रोजी या करारात सामील झाला आणि १ जुलैपासून तो आपल्यावर बंधनकारक झाला. पण करारावर सही करणे वेगळे आणि देशात त्याचा कायदा होणे वेगळे. मधली सतरा वर्षे या दरीत गेली. या विषयातले सगळे महत्त्वाचे खटले त्या दरीतलेच आहेत.

पहिला धडा किंगफिशरचा. तिची विमाने एके काळी सोलापुरातही उतरत होती. २० ऑक्टोबर २०१२ रोजी तिचा परवाना निलंबित झाला, तेव्हा विमानांचे मालक आपापली विमाने न्यायला आले. समोर कराची थकबाकी होती, विमानतळांची थकबाकी होती, आणि नोंदणी काढायला महासंचालनालय राजी नव्हते. डीव्हीबी या जर्मन बँकेच्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१३ मध्ये तिच्या बाजूने आदेश झाला. या अनुभवानंतर २०१५ साली विमान नियमांतल्या नियम ३० मध्ये उपनियम ७ आला. आयडेराधारकाने अर्ज केला, आपल्याआधीच्या नोंदलेल्या हक्कदारांचे भागले आहे किंवा त्यांची संमती आहे असे दाखवले, की पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची. त्याच वर्षी स्पाइसजेटच्या विमानांबाबत आयर्लंडच्या एका कंपनीने केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, अटी पुऱ्या असतील तर महासंचालनालयाला नोंदणी काढावीच लागेल. पुढे निर्यातीसाठी नियम ३२-अ जोडला गेला. त्यात विमान बाहेर नेण्यास सरकारने साहाय्य करावे असे आहे, आणि त्या विमानाची थकीत देणी भागवण्याची अटही आहे.

दुसरा धडा मुंबईच्या जेट एअरवेजचा. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे उड्डाण थांबले. या वेळी नियम तयार होते, त्यामुळे भाड्याची विमाने तुलनेने लवकर सुटली. त्यातली कितीतरी बोइंग ७३७ देशाबाहेर गेलीच नाहीत. मालकांनी ती स्पाइसजेटला आणि काही विस्तारा या कंपनीला दिली, आणि तीच विमाने नव्या रंगात मुंबईच्या आकाशात परत दिसू लागली. परतीचा नियम सरळ असला की विमान वाया जात नाही, हे या प्रकरणाने दाखवले. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे काय झाले, तो भाग वेगळा आणि दुःखाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

तिसरा धडा गो फर्स्टचा, आणि त्याने आधीचे सगळे उलटे केले. वाडिया समूहाच्या या मुंबईकर कंपनीने २ मे २०२३ रोजी स्वतःहून नादारीचा अर्ज केला. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेतला आणि नादारी संहितेच्या कलम १४ प्रमाणे सगळ्या वसुलीला स्थगिती मिळाली. मालकांनी नोंदणी रद्द करण्याचे अर्ज केले होते, ते तसेच पडून राहिले. चोपन्न विमाने जवळजवळ वर्षभर धावपट्ट्यांच्या कडेला उभी होती. उभे विमान रोज थोडे थोडे मरते. त्याची इंजिने झाकून ठेवावी लागतात, ठरल्या वेळी फिरवावी लागतात, चाके हलवावी लागतात, ओल आणि गंज यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि हे सारे नोंदींत उतरवावे लागते. प्रत्येक महत्त्वाच्या सुट्या भागाचा जन्मापासूनचा इतिहास कागदावर सलग नसेल, तर तो भाग धड असूनही बाजारात त्याला किंमत येत नाही. म्हणून मालकांनी मागितली ती आधी पाहणीची मुभा, आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महिन्यातून किमान दोनदा ती दिली. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून केपटाऊन कराराखालचे विमानांचे व्यवहार त्या स्थगितीतून वगळले. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने महासंचालनालयाला पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला.

एप्रिल २०२५ मध्ये संसदेने विमानवस्तूंतील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला आणि तिसरा टप्पा सुरू झाला. आता करार थेट देशाचा कायदा झाला आहे. महासंचालनालय ही त्याखालची नोंदणी संस्था आहे. विमान कंपन्यांनी आपल्या देण्यांचा हिशेब वेळोवेळी तिला द्यायचा आहे, आणि मालकाने विमान ताब्यात घेण्याचा उपाय वापरण्याआधी तिला कळवायचे आहे. त्याआधीच १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू होऊन १९३४चा कायदा इतिहासजमा झाला होता.

या सगळ्या प्रवासात तीन विचारधारा एकमेकींशी झगडताना दिसतात. पहिली सार्वभौम नोंदणीची. नोंदवही राज्याची आहे, तेव्हा तिच्यावरचे नाव काढताना राज्याने सुरक्षितता, कर आणि जनहित पाहिलेच पाहिजे, असे ती मानते. दुसरी धनकोची. तिचा युक्तिवाद असा की, विमान परत मिळण्याची खात्री असेल तरच पैसा स्वस्त मिळतो. याला आधारही आहे. करार नीट पाळणाऱ्या देशांच्या विमान कंपन्यांना निर्यात-पतपुरवठ्याच्या विमा हप्त्यात १० टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची सोय विकसित देशांच्या समझोत्यात आहे, आणि गो फर्स्टनंतर धनकोंच्या एव्हिएशन वर्किंग ग्रुप या संघटनेने भारताचे मानांकन खाली आणले होते. तिसरी विचारधारा पुनरुज्जीवनाची. २०१६च्या नादारी संहितेचा आत्मा तिच्यात आहे. विमानेच गेली तर विमान कंपनीत वाचवण्यासारखे उरतेच काय, असा तिचा सवाल असतो, आणि तो खोटा नाही.

केपटाऊन कराराने या तिघींमध्ये तडजोड काढली, तिला पर्याय अ म्हणतात. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या कलम १११०चा तो वारसा आहे. कंपनी नादारीत गेली की तिच्या प्रशासकाला ठरावीक मुदत मिळते, आणि भारताने ती दोन महिन्यांची निवडली आहे. तेवढ्या काळात सगळी थकबाकी भरून पुढचे हप्ते चालू ठेवा, नाहीतर विमान परत द्या. मधल्या काळात विमानाची निगा मात्र राखलीच पाहिजे. मला ही तडजोड न्याय्य वाटते. दोन महिन्यांत ज्या कंपनीला आपल्या सर्वांत मोठ्या देण्याचा बंदोबस्त करता येत नाही, तिच्या दारात विमाने आणखी दहा महिने अडकवून ठेवल्याने ती जगत नाही. गो फर्स्ट जगली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला.

पण या कायद्याचा एक कोपरा असा आहे जिथे मी धनकोंच्या बाजूने उभा राहू शकत नाही. कराराच्या ३९व्या कलमाखाली प्रत्येक देश सांगू शकतो की, आमच्याकडे अमुक देणी नोंदलेल्या हक्काच्याही आधी येतील. भारताने तीन सांगितली: विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, विमानाच्या वापराशी संबंधित सरकारी देणी, आणि विमान ताब्यात असलेल्या दुरुस्तीवाल्याचे बिल. ऐकायला हे दिलासा देणारे आहे. बारकाईने वाचले की कळते, पगाराचा हा हक्क करार मोडल्याचे जाहीर झाल्यानंतरच्या थकबाकीपुरताच आहे. प्रत्यक्षात पगार थकायला सुरुवात होते ती त्याच्या कितीतरी आधी. किंगफिशर आणि जेटच्या कर्मचाऱ्यांनी महिनोन्‌महिने पगाराविना काम केले, ते बहुतांशी या व्याख्येच्या बाहेरच्या काळात. देण्यांबाबतही एक प्रश्न उरतोच. मालकाने भागवायचे ते त्या एका विमानाचे देणे, की कंपनीच्या सगळ्या विमानांचे? विमानतळ दुसरे म्हणतात, मालक पहिले. सोलापूरसारख्या लहान विमानतळासाठी हा फरक मोठा आहे, कारण इथे उतरणारी विमाने मोजकी आणि थकबाकी सोसण्याची ताकदही मोजकीच. नव्या कायद्यात देण्यांचा हिशेब आधीपासून मागण्याची जी तरतूद आहे, तिचा मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. ती मनापासून राबवली तर कंपनी बुडण्याच्या आधीच पगार आणि विमानतळाची थकबाकी उघड्यावर येईल.

हा विषय आज तातडीचा का, याला आणखी दोन कारणे आहेत. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर निर्बंधांमुळे भाडेपट्टे संपुष्टात आले, तेव्हा रशियाने परदेशी मालकांची शेकडो विमाने रोखून ठेवली आणि आपल्या नोंदवहीत चढवली. शिकागो कराराचे १८वे कलम ज्या घोटाळ्याला बंदी घालते, तोच घोटाळा जगाने उघड्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून प्रत्येक भाडेपट्ट्यात मालक विचारतो, या देशातून माझे विमान परत येईल ना? दुसरे कारण आपल्याच देशातले आहे. गुजरातच्या गिफ्ट सिटीत विमान भाडेपट्ट्याचा धंदा वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. उद्या भारतीय कंपन्या मालक होऊन परदेशात विमाने देऊ लागतील, तेव्हा याच नियमांची दुसरी बाजू आपल्या वाट्याला येईल.

मराठीत या विषयावर सलग वाचायला मिळेल असे फारसे काही नाही. न्यायालयीन निवाडे इंग्रजीत, करार इंग्रजीत आणि बातम्या तुटक. म्हणून या पुस्तकात नियम, निवाडे आणि व्यवहार एकत्र गुंफले आहेत. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज कसा दिसतो, त्याबरोबर कोणते कागद लागतात, सीमाशुल्क विभाग पुन्हा निर्यातीला परवानगी कशी देतो, निर्यातीचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि विमान नेण्यापुरती उड्डाण परवानगी कोणत्या क्रमाने येतात, हे सगळे वाचकाला हातात धरून दाखवायचे आहे. कायद्याचे विद्यार्थी आणि जिल्हा न्यायालयातले तरुण वकील हे पहिले वाचक डोळ्यांपुढे होते. त्यांच्याबरोबर विमानतळावर नोकरी करणारे, बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासणारे आणि विमानसेवेच्या मागणीसाठी निवेदने देणारे कार्यकर्तेही वाचक आहेत. कोणत्या विचारधारेचा मी आहे, हे वर सांगितलेच आहे. तरी प्रत्येक प्रकरणात विरुद्ध बाजूचा युक्तिवाद तिच्या पुऱ्या ताकदीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

वाचून झाल्यावर वाचकाने एवढे करावे. आपल्या शहरात नवी विमानसेवा जाहीर होईल तेव्हा तिकीट किती, याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. विमान कोणाचे आहे? कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का? विमानतळाची देणी चालू हिशेबात आहेत का? आमदार-खासदारांनी, वार्ताहरांनी आणि विमानतळाच्या सल्लागार समित्यांनी हे प्रश्न सेवा चालू असतानाच विचारले, तर विमान परत जाण्याची वेळ आली तरी ते कोणाच्या पोटावर पाय देऊन जाणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरे यायलाही वेळ लागणार नाही.